कॉलेज सोडलं, आता शिष्यवृत्तीचं काय?

या खेपेच्या पत्रांत कॉलेज मधेच सोडलेल्यांची, नाहीतर सोडायच्या बेतात असलेल्यांची पत्रं जास्त आहेत. एकोणीस वर्षं कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली, त्यात एक पाहिलं. पोराने कॉलेज का सोडलं ते घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. नेमकं कोणत्या तारखेला सोडलं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. पैशांचा हिशेब मात्र त्या तारखेवरून होतो.

मुलाने कॅप राउंडमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्याच्या खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. राज्य सरकारच्या शाहू महाराज शिष्यवृत्तीमुळे निम्मीच शिक्षण फी भरली होती. एक सेमिस्टर झालं, आता म्हणतो जमत नाही. टीसी मागायला गेलो तर ऑफिसात म्हणाले, उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मग कागद देतो. असा नियम आहे का? – एक वडील, बार्शी

नाही. नियम याच्या बरोबर उलट आहे. प्रवेश केव्हाही रद्द केला तरी पुढच्या वर्षांची फी विद्यार्थ्याकडून मागायची नाही, असं एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, स्पष्ट लिहून ठेवलंय. आणि फीसाठी मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसीचीही (विद्यापीठ अनुदान आयोगाचीही) मनाई आहे. "जागा चार वर्षं रिकामी राहते" हे रडगाणं तुम्हाला ऐकवलं जाईल. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी खुल्या होतात, हे ऑफिसातल्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता कडू भाग. या वर्षी भरलेली फी परत येणार नाही. कॅपचे प्रवेश बंद होण्याच्या अंतिम तारखेच्या आत लॉगिनमधून प्रवेश रद्द केला असता, तर एक हजार रुपये कापून सगळी रक्कम मिळाली असती. त्या तारखेनंतर फक्त अनामत रक्कम परत मिळते. ती मागायला विसरू नका, बरेच जण सोडून देतात.

राहिला शिष्यवृत्तीचा वाटा. सरकारकडून यायची ती निम्मी शिक्षण फी मुलगा गेल्यामुळे अडली, तर कॉलेज ती तुमच्याकडे मागेल, आणि या एका वर्षापुरतं त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. म्हणून आधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, मुलाच्या लॉगिनमध्ये जाऊन अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि पैसे जमा झालेत का ते बघा. पैसे आले असतील आणि कॉलेज तरीही मागत असेल, तर त्या पानाची प्रिंट पुढे ठेवा. तीन वर्षांच्या फीची मागणी लेखी द्या म्हणावं. माझा अनुभव असा की लेखी मागितलं की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं, तर यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे, राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरणही आहे.

मी अनुसूचित जातीतली, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. जानेवारीत ऑपरेशन झालं, तेव्हापासून कॉलेजला गेले नाही, परीक्षाही दिली नाही. मार्चमध्ये खात्यावर शिष्यवृत्ती आली. शेजारचे म्हणतात, परत केली नाही तर केस होते. – एक विद्यार्थिनी, उदगीर

केस वगैरे काही होत नाही, घाबरू नकोस. पण पैसे खर्चही करू नकोस.

तुझी ही मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती; तिच्या अटींत असं आहे की ज्या वर्षासाठी पैसे मिळाले त्याच वर्षी शिक्षण सोडलं, तर राज्य सरकार ती रक्कम परत मागू शकतं. 'शकतं' हा शब्द महत्त्वाचा. वसुली आपोआप होत नाही, तो सरकारचा निर्णय असतो. शिवाय खात्यावर आलेल्या रकमेत दोन गोष्टी असू शकतात: कॉलेजची फी आणि तुझा निर्वाह भत्ता. या योजनेत राज्याचा ४० टक्के वाटा पडल्यावर केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. त्यामुळे फीचे पैसेही आपलेच वाटतात आणि घरच्या अडचणीत संपून जातात. तेवढी रक्कम कॉलेजची आहे, ती बाजूला ठेव.

पण मला तुझ्या पत्रातलं दुसरंच वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. तू कॉलेज सोडलंस असं कुठेच लिहिलेलं नाहीस. आजारपणामुळे परीक्षा हुकली, एवढंच झालंय. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजारपणामुळे किंवा आधी कल्पना नसलेल्या कारणाने वार्षिक परीक्षा देता आली नाही, तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू ठेवता येते, अशी तरतूद त्याच अटींत आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. शिवाय ही मुलगी परीक्षेला बसली असती तर पास झाली असती, असं प्राचार्यांनी समाधान झाल्यावर लिहून द्यावं लागतं. पहिल्या वर्षाची मार्कलिस्ट आणि डिसेंबरपर्यंतची हजेरी घेऊन त्यांना भेट. डिस्चार्ज कार्डच्या तीन प्रती काढ. एक कॉलेजला, एक समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयासाठी, एक तुझ्याकडे.

आणि टीसी मागू नकोस. टेबलावर बसलेला माणूस "टीसी घेऊन जा, पुढच्या वर्षी नव्याने प्रवेश घे" असं सहज सांगेल, कारण त्याचं काम त्यात कमी होतं. टीसी हातात पडली की तू शिक्षण सोडलेली विद्यार्थिनी ठरतेस आणि वरची सगळी तरतूद हातची जाते.

बी. फार्म पहिल्या वर्षातच सोडलं, आता बीएला प्रवेश घेतोय. ओबीसी शिष्यवृत्ती परत मिळेल? – एक विद्यार्थी, चिपळूण

अट अडवते ती एक टप्पा पास होऊन त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात शिकणाऱ्याला, म्हणजे बीए झाल्यावर बीकॉम करणाऱ्याला. तुमचं पहिलं पूर्णच झालं नाही, त्यामुळे ही अट तुम्हाला लागत नाही. पण कोर्स मधेच बदलल्यावर शिष्यवृत्ती मिळते का, ते महाडीबीटीवरच्या योजनेच्या अटींत आधी तपासा. अर्ज मात्र नवा भरा, जुन्या अर्जाचं नूतनीकरण करू नका. जुना अर्ज अजून कॉलेजकडे प्रलंबित असेल तर तो आधी निकालात काढायला सांगा, नाहीतर एकाच नावावर दोन कॉलेजांचे अर्ज दिसतात आणि दोन्ही अडकतात.

मुलीने शैक्षणिक कर्ज काढून शिकायला सुरुवात केली, दुसऱ्या वर्षी सोडलं. उत्पन्न कमी म्हणून व्याज सरकार भरणार होतं. हप्ते कधीपासून? – एक आई, नाशिक

साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राची जी व्याज अनुदान योजना आहे, तिच्यात कोर्सचा काळ आणि पुढचं एक वर्ष एवढ्या मुदतीचं व्याज सरकार भरतं. कोर्स मधेच सोडला की हे अनुदान बंद होतं. अपवाद एकच, वैद्यकीय कारणाचा, आणि तोही संस्थाप्रमुखांचं समाधान होईल अशी कागदपत्रं असतील तर. मुलीने तब्येतीमुळे सोडलं असेल तर कागद आत्ताच गोळा करा. दोन वर्षांनी कुणी देणार नाही.

हप्त्यांचं उत्तर तुमच्या मंजुरीपत्रात आहे. कर्ज फेडायला दिलेली सवड कोर्सला बांधलेली असते, कोर्स गेला की तिचा आधार जातो. बँकेला कळवायचंच नाही असं अनेक घरांत ठरतं. मला ते पटत नाही. पुढच्या सेमिस्टरचे पैसे सोडण्याआधी बँक मार्कलिस्ट मागते, म्हणजे त्यांना कळायचंच आहे. आपण होऊन शाखेत गेलात तर मुदत वाढवून हप्ता लहान करून घेण्याबद्दल बोलता येतं. खातं थकल्यावर गेलात तर वसुलीची भाषा सुरू होते. एक समाधान एवढंच की व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. मंजूर दहा लाख असले आणि बँकेने तीन भरले असले, तर कर्ज तीन लाखांचंच. कॉलेजकडून काही परतावा मिळाला तर तो कर्ज खात्यातच जमा करा. वडील सहकर्जदार असतील तर थकलेला प्रत्येक हप्ता त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, उमटतो.

बीकॉमला प्रवेश घेऊन दहा दिवस झाले, दुसरीकडे नंबर लागतोय. फी किती परत मिळेल? – सांगली

यूजीसीच्या २०१८च्या परिपत्रकाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेपासून मोजायचं. त्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून लवकर अर्ज दिला तर १०० टक्के (प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत), त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे शून्य. कधी कधी यूजीसी एखाद्या वर्षापुरती सवलत देते. २०२४-२५ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती. अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का स्वतःच्या प्रतीवर घ्या. तोंडी सांगितलेली तारीख कुणी धरत नाही. आणि हो, कॉलेजात जाणं थांबवलं म्हणजे प्रवेश रद्द झाला, असं नसतं.

घरच्या शेतीमुळे एक वर्ष ड्रॉप घेतोय, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष. ईबीसी सवलत पुन्हा चालू होईल? – करमाळा

एका वर्षाचा खंड चालतो. तुमची ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलत म्हणजेच शाहू महाराज योजना. तिच्यात कोर्सच्या काळात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला की अपात्र ठरता, त्यामुळे हे वर्ष लांबू देऊ नका. परतताना गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि ताजा उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. दरवर्षी दोन-चार मुलं अशी निघतात, की सगळे कागद तयार असतात पण रिचार्जअभावी सिम बंद पडलेलं असतं, आणि ओटीपीविना अर्ज उघडत नाही.