‘अवकाश’ की ‘जागा’?

प्रश्न असा आला आहे : भूगोल आणि राज्यशास्त्रावरच्या मराठी लेखांत ‘सार्वजनिक अवकाश’, ‘अवकाशाची निर्मिती’ असे शब्द दिसतात. अवकाश म्हणजे अंतराळ ना? मग सरळ ‘जागा’ का लिहीत नाहीत?

अंतराळ हा ‘अवकाश’चा अलीकडचा अर्थ. जुना अर्थ वाव, मोकळीक, मधली रिकामी जागा. ‘पेरणीला अजून अवकाश आहे’ म्हणताना तोच अर्थ काळाला लावलेला असतो. तेव्हा शब्दाची निवड चुकलेली नाही. घोळ होतो तो ज्याच्यासाठी ‘अवकाश’ वापरतात त्या इंग्रजी ‘स्पेस’ या शब्दामुळे. त्याचे अर्थ तत्त्वज्ञांनी वेळोवेळी बदलले आणि भूगोलाने ते एकामागून एक उचलले.

न्यूटनच्या मते (1687) अवकाश निरपेक्ष. त्यात वस्तू असोत-नसोत, तो आहेच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने 1715-16च्या पत्रव्यवहारात हे खोडून काढलं. अवकाश म्हणजे एकाच वेळी असलेल्या वस्तूंची आपसातली मांडणी. वस्तू काढून घेतल्या तर अवकाश उरत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने 1781मध्ये तिसरंच सांगितलं : अवकाश हा वस्तूंचा गुणच नव्हे, ती आपल्या जाणण्याची चौकट आहे. हा कान्ट कोनिग्सबर्गला सुमारे 40 वर्षं भूगोलही शिकवत होता. इतिहास घटना काळानुसार लावतो, भूगोल अवकाशानुसार, ही त्याची वाटणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भूगोलाला पुरली. अशा भूगोलात काम प्रदेशांच्या वर्णनाचं, त्यामुळे ‘प्रदेश’, ‘स्थान’ या शब्दांवर भागत होतं.

ते भागेनासं झालं आँरी लफेव्रमुळे. अवकाश समाजच घडवतो, असं या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1974मध्ये मांडलं. इथे ‘जागा’ हमखास दगा देते. जागा मोजता येते, विकता येते, अडवता येते. ‘जागेची निर्मिती’ वाचलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर समुद्रात टाकलेला भराव येतो! लफेव्रला तो अभिप्रेत नाही.

त्याने अवकाशाची तीन अंगं सांगितली आहेत : रोजच्या वापरातून घडलेलं, नियोजकांनी कागदावर आखलेलं आणि माणसांनी अनुभवलेलं, ज्याला प्रतीकांचा आणि आठवणींचा अर्थ चिकटलेला असतो. पहिल्याला काही लेखक ‘अवकाशीय व्यवहार’ म्हणतात. त्यापेक्षा महसुली मराठीतला ‘वहिवाट’ कितीतरी चपखल आहे. दुसऱ्याला ‘आखीव अवकाश’, तिसऱ्याला ‘जगलेला अवकाश’ म्हणावं.

महाडच्या चवदार तळ्याला ही तिन्ही अंगं लावून पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळाचा ठराव 1923चा, त्यावरून नगरपालिकेने तळं खुलं केलं 1924मध्ये. म्हणजे आखीव अवकाश खुला झाला. वहिवाट मात्र अस्पृश्यांना अडवतच राहिली. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले ते या दोहोंमधली फट उघडी पाडत, आणि तळ्याला आज जो अर्थ आहे तो तिथून सुरू होतो. पुढे विरोधकांनी कोर्टात दाद मागितली ती परंपरेच्याच आधारावर; अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 1937मध्ये दिला. इथे नुसतं ‘जागा’ म्हटलं, तर तळ्याचं क्षेत्रफळ तेवढं हाती लागतं.

‘स्पेस’साठी कुणी ‘दिक्’ सुचवतात. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या नऊ द्रव्यांत आकाश आणि दिक् वेगळे आहेत. आकाशाचा गुण शब्द, तर पूर्व-पश्चिम किंवा जवळ-दूर हा व्यवहार दिक्‌मुळे. भौतिकीत ‘दिक्काल’ (स्पेस-टाइम) शोभतं. ‘सार्वजनिक दिक्’ कुणी म्हणणार नाही.

बाग, चौक, फलाट यांबद्दल लिहिताना ‘सार्वजनिक जागा’ पुरेशी आहे. तिथे ‘अवकाश’ म्हणजे उगीच भारदस्तपणा. त्या चौकात कोण किती वेळ थांबू शकतं आणि कुणाला हटकलं जातं, हा विषय असेल तर ‘सार्वजनिक अवकाश’. वर्तमानपत्रं आणि सभांमधून घडणाऱ्या लोकचर्चेलाही काही जण हाच शब्द लावतात. तिथे ‘चर्चाविश्व’ बरं, नाहीतर वाचक चौक शोधत बसतो.

जर्मन भूगोलतज्ज्ञ राट्झेलचा ‘लेबेन्सराउम’ (जगायला लागणारा प्रदेश) हा शब्द मात्र तसाच ठेवावा. ‘राहायला जागा’ असं भाषांतर केलं, की नाझींनी त्याच शब्दाच्या आडून पूर्व युरोपवर सांगितलेला हक्क भाड्याच्या खोलीइतका निरुपद्रवी वाटू लागतो.