वाचक विचारतात : नकाशा, लेखणी आणि खडू

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. आर्किटेक्ट व्हायचं, शिवाय लिहायचं आणि शिकवायचंही, असं म्हणते. एवढ्या दगडांवर पाय ठेवून चालेल का?
— एक पालक, उदगीर

तीन दगडांची तर चूल मांडतात. चालेल, पण क्रम सांभाळावा लागतो.

रस्ता सरळ आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. त्यानंतर 'नाटा' ही वास्तुकलेची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. पुढे पाच वर्षांचं बी.आर्क., त्यातच एखाद्या कार्यालयातली उमेदवारी, आणि शेवटी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. ही नोंदणी विसरू नका. १९७२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. घराचे नकाशे सिव्हिल इंजिनिअरही काढतात आणि त्याला मनाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं की या कलमाने राखलं आहे ते बिरूद, काम नव्हे.

तिन्ही कामं एकत्र करणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्यात १९२७ साली जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९६२ साली अहमदाबादला वास्तुकलेचं विद्यालय उभं केलं. शिकवणं आणि बांधणं त्यांनी कधी वेगळं ठेवलं नाही. २०१८ साली त्यांना प्रिट्झ्कर हा वास्तुकलेतला मोठा जागतिक पुरस्कार मिळाला. आजच्या पिढीतले राहुल मेहरोत्रा १९९०पासून मुंबईत स्वतःचं कार्यालय चालवतात, हार्वर्डला शिकवतात आणि भारतीय शहरांवर लिहितात. २०१३च्या प्रयागच्या कुंभमेळ्याची त्यांच्या विद्यापीठाने पाहणी केली, त्यात ते पुढे होते. काही आठवड्यांसाठी वसणारं शहर रस्ते, पूल, पाणी, संडास यांसह कसं मांडतात आणि पुन्हा कसं उकलतात, हे त्यात नकाशांवर उतरवलं. अभ्यासाचा प्रश्न, मोजणी आणि लिखाण एकाच कामातून निघालं, हे त्यातलं घेण्यासारखं.

क्रमाबद्दल आमचं मत जरा कडक आहे. पायाच्या खड्ड्यापासून गच्चीच्या उतारापर्यंत एक तरी इमारत स्वतः उभं राहून करून घेतल्याशिवाय पूर्णवेळ शिकवायला जाऊ नये. फळ्यावर काढलेली गळती आणि छतातून ठिबकणारी गळती यांत फरक असतो.

प्रश्न : तीन वर्षांपासून व्यवसाय करतो. आमच्या भागातले वाडे आणि माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं पडत चालली आहेत. त्यांच्यावर लेखमाला लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?
— एक आर्किटेक्ट, अंबाजोगाई

टेपपासून. आधी मोजा, मग लिहा. उलट केलं की 'वैभवशाली वारसा' छापाचा लेख तयार होतो आणि तो कुठल्याही वाड्याला लावता येतो.

तीन माणसं घ्या. एक शून्य धरील, दुसरा आकडा मोठ्याने वाचील, तिसरा तो आकडा परत उच्चारून लिहील. ही उजळणी टाळली की 'सत्त्याहत्तर'चे 'सदुसष्ट' होतात. सामान फार नाही : ३० मीटरचा आणि ५ मीटरचा टेप, ओळंबा, दहा मीटर पारदर्शक नळी, खडू, ए-थ्री कागदाची पाटी. लेझर असेल तर उत्तम, पण उन्हातल्या चौकात त्याचा ठिपका दिसत नाही. समोर पांढरं पुठ्ठं धरा.

कच्चा नकाशा आधी डोळ्याने काढा, आकडे नंतर. भिंतीची मापं घेताना टेप एका कोपऱ्यात शून्यावर लावा आणि दार, कोनाडा, खिडकी यांचे आकडे टेप न हलवता सलग घ्या. प्रत्येक तुकडा सुटा मोजला आणि दर मापात अर्धा सेंटिमीटर चुकला, तर बारा तुकड्यांत सहा सेंटिमीटर जातात. मग कागदावर भिंत जुळत नाही आणि माणूस घरी बसून 'जुळवतो'. जुळवलेला नकाशा खोटा.

खोलीच्या चार बाजू मोजल्याने खोली ठरत नाही. चार काठ्यांची चौकट ढकलली की तिरकी होते, तसंच हे. एक कर्ण मोजला की आकार पक्का होतो आणि दुसऱ्याने त्याची पडताळणी होते. जुन्या वाड्यात काटकोन क्वचितच सापडतो.

भिंतीची जाडी फक्त दाराशी मोजून भागत नाही. आपल्याकडच्या दगड-मातीच्या भिंती अडीच-तीन फुटांच्या असतात आणि वर निमुळत्या होतात, म्हणून माडीवर पुन्हा मोजा. सगळ्यात मोलाची बेरीज पुढची आहे. बाहेरच्या एकूण लांबीतून आतल्या खोल्या आणि भिंती वजा करा. पाच-सहा फूट उरले तर आकड्यांवर लगेच शंका घेऊ नका. तिथे धान्याचं बळद (बंदिस्त कोठार) किंवा बुजवलेला जिना असू शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

उंचीसाठी नळीत पाणी भरून ओसरीच्या जमिनीपासून एक मीटरवर घरभर खडूची रेघ फिरवा आणि सगळ्या उंच्या त्या रेघेपासून वर-खाली मोजा. नळीत बुडबुडा राहिला की पातळी चुकते, आणि वाचताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. अंगठा ठेवूनच वाचणारे पुष्कळ.

माळवदाची जाडी खणून पाहू नका. साण्याच्या (छतातल्या झरोक्याच्या) कडेला किंवा पन्हळीपाशी पांढरी माती, पाला, किलच (लाकडी फळकुटं) आणि तुळई हे थर उघडे दिसतात, तिथेच टेप लावा. वर चढायचं तर पावसाळ्यानंतर लगेच नको. लाकूड आधी कुजतं ते भिंतीत शिरलेल्या टोकाशी, आणि खालून ते दिसत नाही. चालायचंच असेल तर खांबांच्या ओळीवरून चाला.

तळमांडणी १:५० आणि चौकटीचे, जोडाचे तपशील १:१० वर काढा. पण मासिकाच्या पानाची छापील रुंदी सोळा सेंटिमीटरच्या आसपास असते. पंधरा मीटरचं घर १:५० वर तीस सेंटिमीटर होतं, म्हणजे छापताना निम्मं होणार. अडीच मिलिमीटरची अक्षरं मग वाचता येत नाहीत, ती पाच मिलिमीटरची लिहा. '१:५०' असा आकडाही छापू नका, कारण लहान केल्यावर तो चुकीचा ठरतो. मीटरची पट्टी काढा, ती नकाशासोबतच लहान होते.

लेख एका प्रश्नापुरता ठेवा. ढाळज (दाराजवळची बैठकीची जागा) चौकापेक्षा उंच का? वरच्या माडीची भिंत पातळ का? बाराशे शब्द, तीन रेखाटनं. जे रेखाटनात दिसतं ते मजकुरात पुन्हा सांगू नका. आणि मालकाची परवानगी लेखी घ्या. ज्या घरात माणसं राहतात त्याचा पूर्ण नकाशा पत्त्यासकट छापणं बरं नव्हे.

प्रश्न : मी महाविद्यालयात बांधकामाचे तास घेते. किल्लारीच्या भूकंपानंतर विद्यार्थ्यांच्या घरी ठाम समजूत आहे की दगडाचं घर म्हणजे मरण. हे कसं शिकवावं?
— अध्यापिका, लातूर

समजूत निराधार नाही, अपुरी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास ती घरं पडली, ती दगडामुळे नव्हे, बांधणीमुळे. भिंतीचे दोन पदर होते, बाहेरचा आणि आतला, मध्ये चिपा आणि माती. दोन पदर शिवणारा आरपार दगड नव्हता. हादऱ्याने पदर सुटले, बाहेरच्याला पोट आलं आणि तो कोसळला.

वर वजन किती होतं, ते विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या. दीड फूट मातीचं माळवद म्हणजे ४५ सेंटिमीटर. घनमीटरला १६०० किलो धरले तर चौरस मीटरला ७२० किलो. दहा बाय बाराची खोली साधारण ११ चौरस मीटर, म्हणजे डोक्यावर आठ टन. चार इंची स्लॅब चौरस मीटरला २५० किलो भरतो. पावसाळ्यागणिक गळतीवर मातीचा नवा थर टाकला जातो आणि हे वजन वाढत राहतं. जिथे छत लाकडी खणावर, म्हणजे खांब-तुळयांवर होतं, तिथे भिंत बाहेर पडूनही सांगाडा कित्येकदा उभा राहिला. हेही सांगा.

आता प्रयोग. गुळगुळीत फरशीवर गोट्या पसरा, वर दोन फुटी फळी ठेवा. तिच्यावर तीन-चार सेंटिमीटरच्या गिट्टीने मातीच्या गाऱ्यात दोन पदरी भिंत रचा : ४० सेंटिमीटर लांब, ९ जाड, २५ उंच, मध्ये बारीक चुरा. दुसरी भिंत तशीच, पण दर सात-आठ सेंटिमीटर उंचीवर पूर्ण जाडीभर पोचणारे विटेचे तुकडे घाला. दोन दिवस वाळू द्या. दोन्हींवर पाच किलो वाळूची पिशवी ठेवा आणि फळी भिंतीला काटकोनात हलवा. पहिलीला पोट सुटतं. भिंतीच्या लांबीच्या दिशेने हलवली तर फारसं काहीच होत नाही आणि वर्ग हसतो. माती चिकट असली तर दोन्ही भिंती ढेकळासारख्या अखंड राहतात, म्हणून तिच्यात वाळू जास्त घाला.

नंतर भारतीय मानक १३८२८ उघडा. त्यात उपाय आकड्यांत आहेत : भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आरपार दगड दर ६० सेंटिमीटर उंचीवर आणि आडवे १.२ मीटरच्या आत, शिवाय लिंटलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीवर घरभर फिरणारा अखंड पट्टा. लांब दगड मिळत नसेल तर सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो.

प्रश्न : स्वतः बांधलेल्या घरावर वर्तमानपत्रात लेख लिहिला तर ती जाहिरात ठरेल का?
— वाचक, हिंगोली

१९८९च्या व्यावसायिक आचार-नियमांनुसार आर्किटेक्टने आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही. बांधकामावर नावाची पाटी लावता येते, पण अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. लेखात इमारतीचा विचार, चुका, खर्चाची कारणं लिहा. फोन नंबर आणि 'संपर्क साधा' गाळा. टाइल किंवा सिमेंट कंपनीने पानाचे पैसे दिले असतील तर त्यात नावच देऊ नका.

प्रश्न : मराठीत लिहिताना शब्द कोणते वापरू? 'उपांग', 'स्तंभशीर्ष' असलं लिहिलं की घरचेही वाचत नाहीत.
— विद्यार्थिनी, परभणी

वाचू नयेच. स्लॅब, बीम, लिंटल, कॉलम हे शब्द मराठी झाले आहेत, तसेच ठेवा. 'सेक्शन'ला 'छेद' चांगला. वाड्याचे शब्द मात्र त्या गावातून उचला : ढाळज, ओसरी, माजघर, बळद, देवळी. शेजारच्या तालुक्यात तीच जागा वेगळ्या नावाने ओळखतात, म्हणून शब्दापुढे गावाचं नाव टिपून ठेवा. गवंड्या-सुतारांशी बोलताना मापाचा हिशोबही त्यांचाच घ्या. इंचाचे आठ सूत, एक सूत म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर. चौकट 'दोन सूत कमी आहे' असं सुतार म्हणाला तर वहीत ६ मिलिमीटर लिहा आणि शेजारी 'दोन सूत'ही लिहा.