जुन्या साहेबांनी नव्या कंपनीला तुमच्याबद्दल खोटं सांगितलं, तर

आधी त्यांना फोन करून भांडायचा मोह आवरा. रागात बोललेलं पुढे तुमच्याच विरोधात वापरलं जातं.

नक्की काय सांगितलं गेलं, ते नव्या कंपनीच्या एचआरला विचारा. सगळं सांगणार नाहीत, पण मुद्दा तरी कळेल. 'काम बरं नव्हतं' हे मत झालं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 'नोटीस न देता पळून गेला' हे मात्र कागदावर खोडता येतं. राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर, रिलीव्हिंग लेटर, अप्रेझल, जे हाताशी असेल ते त्याच दिवशी पाठवा. सोबत चार ओळी पुरेत, रडगाणं नको.

मग जुन्या एचआरला लेखी कळवा आणि दुरुस्ती मागा. बऱ्याच कंपन्यांत फक्त तारखा आणि पद एवढंच सांगायचा नियम असतो. साहेब परस्पर बोलले असतील तर तेच अडचणीत येऊ शकतात. वकिलाची नोटीस शेवटी, तीही पुरावा असेल तरच.

पुढच्या मुलाखतीत संदर्भासाठी दुसऱ्या वरिष्ठांचं नाव द्या, अर्थात त्यांना आधी विचारून.