आतली लाईट टाळता येईल का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ५४ वर्षांच्या असून विड्या वळण्याचे काम करतात. त्यांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग ‘३ बी’ अवस्थेत असल्याचे निदान झाले आहे. पंचवीस वेळा बाहेरून लाईट (किरणोपचार), दर आठवड्याला केमो आणि शेवटी चार वेळा आतून लाईट असे उपचार डॉक्टरांनी सांगितले आहेत. आतल्या उपचाराला त्या संकोचापायी तयार नाहीत. त्याऐवजी बाहेरची लाईट वाढवून किंवा गर्भाशयाची पिशवी काढून भागणार नाही का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सासूबाईंचा संकोच मी समजू शकते, तरीही आतली लाईट, म्हणजेच ब्रेकीथेरपी, कृपया टाळू नका. या अवस्थेत आजार ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला असतो किंवा त्याच्या दाबामुळे मूत्रपिंडाला सूज आलेली असते. त्यामुळे पिशवी काढली तरी मुळापासून आजार निघत नाही. बाहेरून साधारण ४५ ते ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा देता येते. गाठ नष्ट होण्यासाठी ८० ग्रेच्याही पुढे जावे लागते, आणि तेवढी मात्रा बाहेरून दिल्यास वाटेतील आतडी व मूत्राशय ती सोसू शकत नाहीत. आतून उपचार करताना भूल देऊन गर्भाशयात बारीक नळी बसवतात, मूत्राशय व गुदाशय दूर राहावेत म्हणून भोवती गॉज (जाळीदार कापडी पट्टी) भरतात आणि तांदळाच्या दाण्याएवढा, किरणे सोडणारा इरिडियम धातूचा स्रोत यंत्राच्या तारेने नळीत काही मिनिटे फिरवून परत घेतात. शरीरात काहीही मागे राहत नसल्याने घरी आल्यावर नातवंडांना जवळ घेण्यास हरकत नाही. स्त्री-डॉक्टर किंवा परिचारिका सोबत असावी, अशी विनंती आपण अवश्य करा. ती मागण्यात गैर काहीच नाही.

केमोबद्दल सांगायचे तर, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने याच अवस्थेतील ८५० स्त्रियांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसती लाईट घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात ४६ जणी हयात होत्या, तर सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घेतलेल्यांत ५४. मात्र हे औषध मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करतात का हे दाखवणारा घटक) तपासले जाते आणि मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारा मूत्रमार्ग दबला असल्यास बहुधा नळी घालून तो मोकळा करावा लागतो.

सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवेत. जुलाब झाले किंवा घरी लग्नकार्य निघाले म्हणून मधेच थांबू नका. जुलाबांवर औषध मिळते. लाईटसाठी पोटावर केलेल्या खुणा साबणाने घासू नयेत. हिमोग्लोबिन कमी असल्यास रक्त चढवून घ्यावे.

उपचार सोलापूर-बार्शीत घ्या की पुण्या-मुंबईत, पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा : आतली लाईट याच ठिकाणी होते का, नसल्यास तारीख कुठे व केव्हाची मिळेल, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येथे कोणकोणते उपचार बसतात. बाहेरची लाईट संपल्यावर ही शोधाशोध सुरू केली, तर हाताशी असलेले आठवडे त्यातच निघून जातात.