प्रश्न तुमचे : कातडीच्या पेशींना ‘आता थांबा’ कोण सांगतं?

प्रश्न : डेस्मोसोम म्हणजे दोन पेशी जोडणारं रिव्हेट, असं आम्ही वर्गात शिकवतो. तोच पेशींच्या वाढीवरही ताबा ठेवतो, असं वाचनात आलं. जोडकाम करणारं प्रथिन वाढ कशी रोखेल?
(जीवशास्त्राच्या शिक्षिका, सातारा)

उत्तर : रिव्हेटची उपमा चूक नाही, अपुरी आहे. डेस्मोसोम ज्यांचा बनतो ती प्रथिनं बाहेरून शेजारच्या पेशीला धरतात, पण त्यांची शेपटी पेशीच्या आत असते. वाढीचा कारभार त्या शेपटीकडे आहे.

त्यांतलंच डेस्मोग्लीन-१ घ्या. बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात पेशी विभागतात. तिथं ईजीएफआर हा रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, निरोप घेणारं प्रथिन) वाढीचा निरोप रास, राफ, मेक, ईआरके या प्रथिनांच्या साखळीतून हातोहात आत पोचवतो. पेशी वर सरकू लागली की डेस्मोग्लीन-१ वाढत जातं आणि त्याच्या शेपटीला अर्बिन हे प्रथिन येऊन बिलगतं. रास आणि राफ यांची गाठ घालून द्यायला शॉक-२ हे प्रथिन लागतं. अर्बिन त्यालाच आपल्याकडे अडकवून ठेवतं. ईआरके थंडावतो, पेशी विभाजन सोडून टणक व्हायला लागते. डेस्मोग्लीन-१चा चिकटण्यासाठी लागणारा बाहेरचा तुकडा काढून टाकला तरी हे काम चालू राहतं. म्हणजे जोडणं वेगळं आणि रोखणं वेगळं. वर्गात हे जरूर सांगा.

पेशींच्या दुसऱ्या प्रकारच्या सांध्यात, ई-कॅडहेरिन या जोडणाऱ्या प्रथिनाच्या पोटाशी, अल्फा-कॅटेनिन हे प्रथिन असतं. ते वायएपी या वाढ चेतवणाऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर रोखून धरतं. २००१ साली अमेरिकी पेशीशास्त्रज्ञ एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या कातडीतून अल्फा-कॅटेनिन काढलं, तेव्हा पेशी बेसुमार वाढल्या आणि कातडी सुरुवातीच्या कर्करोगासारखी दिसू लागली.

प्रश्न : हाकॅट पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कातडीच्या पेशी) १.२ मिलिमोलर कॅल्शियम दिलं. सांधे जुळले की ईआरके उतरायला हवा, पण १० मिनिटांनी घेतलेल्या ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखायची चाचणी) तो चढलेला दिसतो. काय चुकतंय?
(एमएस्सीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ब्लॉट बहुधा बरोबर आहे, वेळ चुकली आहे. कॅल्शियम मिळताच आणि ई-कॅडहेरिन एकमेकांत गुंतताच ईआरके आधी उसळतो. डेस्मोग्लीन-१ पुरेसं जमायला एक-दोन दिवस लागतात. तेव्हा नमुने ०, १० मिनिटं, १, ६, २४ आणि ४८ तासांना घ्या.

माध्यम बदलणं हीच दुसरी फसगत. ताज्या माध्यमातला ईजीएफ (ईजीएफआरला चेतवणारं वाढीचं प्रथिन) एकटाच ईआरके चढवतो. म्हणून कमी कॅल्शियमच्या प्लेटचंही माध्यम त्याच क्षणी बदला, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

सुरुवात खरोखर ०.०५ मिलिमोलर कॅल्शियमवर होते का, तेही तपासा. साधं १० टक्के सीरम टाकलं तर त्यातूनच सुमारे ०.३ मिलिमोलर कॅल्शियम येतं आणि सांधे आधीच जुळू लागतात; सीरम चेलेक्स या कॅल्शियम शोषणाऱ्या रेझिनमधून काढून घ्या. मग १० मिलिलिटर माध्यमात १ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे ११.५ मायक्रोलिटर मिसळा. हे बाटलीत, ढवळत करायचं. थेट प्लेटमध्ये थेंब सोडला तर त्या जागी फॉस्फेटचा साका बसतो.

पेशी ९० टक्क्यांहून दाट हव्यात; शेजारीण नसेल तर सांधा कुणाशी होणार? कॅल्शियम देण्याआधी सूक्ष्मदर्शकात पेशींमध्ये चकचकीत फटी दिसतात. काही तासांत त्या मिटून फरसबंदीसारखी नक्षी दिसली नाही, तर ब्लॉट चालवूच नका.

परिणाम सांध्याचा की नुसत्या कॅल्शियमचा, हे ठरवायला एका प्लेटमध्ये ई-कॅडहेरिनला अडवणारी एचईसीडी-१ ही अँटिबॉडी द्या. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट विसरू नका, नाहीतर ईआरके चेतल्याची खूण असलेलं फॉस्फेट वाटेतच गळून पडतं. आणि हाकॅटमध्ये पी५३ हे पेशीच्या वाढीवर लगाम ठेवणारं प्रथिन बिघडलेलं असतं, त्यामुळे महत्त्वाचा निष्कर्ष प्राथमिक केराटिनोसाइटमध्ये (थेट माणसाच्या कातडीतून घेतलेल्या पेशींमध्ये) पडताळल्याशिवाय लिहू नये, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : आईला आतड्याच्या कर्करोगासाठी सेटुक्सिमॅब हे औषध चालू आहे. चेहऱ्यावर पुरळ आलं. मुरमांचं क्रीम लावू का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : लावू नका. ही मुरमं नव्हेत. औषध ईजीएफआर बंद करतं, आणि कातडीच्या तळाच्या पेशींना तोच रिसेप्टर लागतो. त्या वेळेआधीच पक्व होतात, कातडी पातळ पडते, दाह होतो. मुरमांची क्रीमं ती आणखी कोरडी करतात. बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, उन्हापासून जपा आणि लगेच कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी देतात. सेटुक्सिमॅबचा डोस मात्र स्वतःहून चुकवू नका.