वाचक विचारतात : मॅड रिव्हर ग्लेनची एकट्याची खुर्ची

प्र. मागच्या अंकात अमेरिकेतल्या लहान स्की केंद्रांवर टिपण होते, त्यात 'मॅड रिव्हर ग्लेन'चा एका ओळीत उल्लेख आला. एका खुर्चीत एकच माणूस बसतो, अशी लिफ्ट आजच्या काळात कशासाठी चालवायची? गरिबी म्हणून का?
– एक वाचक, नाशिक

उ. गरिबी हे कारण नव्हे. व्हरमाँट राज्यात, स्टार्क माउंटन या 3,637 फुटी डोंगरावर हे केंद्र 1948 च्या डिसेंबरात सुरू झाले. काढणारे रोलँड पाल्मेडो हे न्यूयॉर्कचे गुंतवणूक बँकर. त्याआधी जवळच्या स्टो येथे लिफ्ट उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, पण तिथला वाढता बाजारूपणा त्यांना रुचला नाही. आपल्या नव्या डोंगरावर खेळ आधी आणि धंदा मागून, हा त्यांचा हट्ट. त्या काळी एकेरी खुर्ची ही नवलाची गोष्ट नव्हती. 1936 साली अमेरिकेतल्याच सन व्हॅली या स्की केंद्रात जगातल्या पहिल्या चेअरलिफ्ट बसल्या, त्याही एकेरीच.

खरी गंमत हिशेबात आहे. ही लिफ्ट ताशी 500 च्या आसपास माणसे वर नेते, म्हणजे दर सात सेकंदांना एक. चौघांची आधुनिक वेगवान लिफ्ट ताशी 2,400 पर्यंत नेते. वर माणसे कमी पोचली की उतारावर गर्दी कमी, आणि बर्फही लवकर घासून जात नाही. सुटीच्या दिवशी खाली रांगेत ताटकळावे लागते. वर पोचल्यावर मात्र वाट मोकळी मिळते. आमच्या मते सौदा चोख आहे.

2007 मध्ये लिफ्ट जीर्ण झाली तेव्हा तिथे दोघांची नवी बसवणे सोपे होते. पण तसे केले असते तर त्याच अरुंद वाटांवर दुप्पट माणसे आली असती. म्हणून सुमारे 17 लाख डॉलर उभारून एकेरीचाच जीर्णोद्धार केला. जुने मनोरे उतरवून दुरुस्त केले आणि नव्या पायांवर पुन्हा उभे केले. यंत्रणा आणि पोलादी दोर नवे घातले. खुर्ची दोराला कायमची आवळलेली असल्याने दोर एकाच जागी थकतो, म्हणून अशा लिफ्टमध्ये खुर्चीची पकड ठरावीक तासांनी दोरावर थोडी सरकवावी लागते. हे काम चुकवले तर आतले तार तुटू लागतात आणि ते बाहेरून चटकन दिसत नाही.

प्र. हे केंद्र सहकारी आहे म्हणे. आपल्या साखर कारखान्यासारखे?
– एक सभासद-शेतकरी, सांगली

उ. शेअर, संचालक मंडळ, निवडणूक, वार्षिक सभा, सगळे ओळखीचे वाटेल. 1972 पासून केंद्र प्रॅट कुटुंबाकडे होते. बेट्सी प्रॅट यांनी ते बड्या कंपनीला न देता 1995 च्या डिसेंबरात स्कीअरांच्याच सहकारी संस्थेला विकले. तेव्हा शेअर 1,500 डॉलरचा, लक्ष्य 1,667 शेअरचे. गुणाकार केलात तर 25 लाख डॉलर भरतात. शेअर कितीही असोत, मत एकच. शिवाय सभासदाने दरवर्षी किमान 200 डॉलरची खरेदी आगाऊ करायची, ही अट. पास, तिकीट, शिकवणी, काहीही चालते. हंगामाआधीच हाताशी रोकड येते ती त्यामुळे. बर्फावर जगणाऱ्या धंद्यात हेच मोलाचे. तुम्ही ऊस घालता, ते तिकीट घेतात, एवढा फरक धरा.

प्र. स्नोबोर्ड चालतो का?
– ई-पत्र, ठाणे

उ. नाही. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय बांधून घसरायची एकच रुंद फळी. अमेरिकेत तिला बंदी असलेली तीनच केंद्रे उरली : हे, आणि युटातली आल्टा व डिअर व्हॅली. वाद जुना आहे, आणि सभासदांनी बंदी राखली आहे.

प्र. आम्ही बोस्टनजवळ राहतो. औलीला शिकलो आहोत, मुलगी आठ वर्षांची आहे. कधी जावे, काय तयारी करावी?
– एक कुटुंब, मॅसॅच्युसेट्स

उ. फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा. इथे कृत्रिम बर्फ जेमतेम 15 टक्के उतारांवर पडते, बाकी भिस्त आभाळावर. एक एकरावर फूटभर थर द्यायचा तर सहा लाख लिटर पाणी लागते, तेही हवा पुरेशी गार असेल तरच. त्यामुळे ख्रिसमसची खोली आगाऊ आरक्षित करू नका. निघायच्या आदल्या रात्री पाऊस पडून गोठले असेल तर बेत सरळ रद्द करा.

नैसर्गिक बर्फाचा थर पातळ असला की खाली दगड आणि बुंधे असतात. नवी कोरी स्की आणू नका. धातूची कड बाजूने 88 अंशांना घासून घ्या, नाहीतर कडक बर्फावर ती धरत नाही. तळाला ओरखडा आला तर पी-टेक्सची (तळ भरायच्या प्लास्टिकची) कांडी वितळवून घरीच भरा. पण आतले लाकूड दिसले, तर तुकडा बसवायला दुकानातच द्या. वरवर भरलेत तर पाणी आत शिरते आणि थर सुटतो.

मुलीला पहिल्या दिवशी एकेरीवर बसवू नका. माथ्यावरून नवशिक्यांसाठी सोपी वाट नाही, आणि वाटेत शेजारी कोणी नसते. सनीसाइड ही दोघांची लिफ्ट आहे, तिथे तुम्ही बरोबर बसाल. तिथले चार-सहा फेरे तिने न पडता, वळणे घेत केले की मग एकेरीचा विचार करा.

एकेरीवर चढताना पिशवी पाठीवरून काढून पोटाशी घ्या. पट्टा खुर्चीत अडकणे हा सर्वात जास्त होणारा घोळ. पोलांचे (हातातल्या काठ्यांचे) पट्टे मनगटातून सोडवा. खुर्ची जिला लटकते ती दांडी ज्या बाजूला असेल तिच्या उलट हातात दोन्ही पोल धरा. मान वळवून खुर्ची येताना पाहा, मोकळ्या हाताने दांडी पकडा आणि बसा. मागे सरकून सुरक्षेचा आडवा दांडा लावून घ्या. उतरताना दांडा सोडून स्कीची टोके वर उचला, स्की टेकल्या की उभे राहा आणि थेट पुढे सरका. तिथे थांबून हातमोजे घालत बसू नका. मागचा माणूस सात सेकंदांवर आहे.