अपोस्टिलले मराठीत काय म्हणायचं?

यवतमाळकडच्या एका दादानं विचारलंय. बहीण नर्सिंग करून आयर्लंडला चालली, तिकडून सांगितलं की जन्माचा दाखला अन् डिग्री अपोस्टिल करून पाठवा, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर लावून. गावात जितकी तोंडं तितके शब्द. कोणी म्हणते नोटरी करून टाक, सेतूवाला म्हणते ट्रू कॉपी, मास्तर म्हणते साक्षांकित. आता मराठीत अर्ज लिहायचाय तर त्यात शब्द कोणता घालू?

पहिले उच्चार. सगळे "अपोस्टाईल" म्हणून राहिले, फरशी बसवायची आहे जसं काही. शब्द फ्रेंच आहे, इंग्रजीत त्याचं अपोस्टिल होते, आपणही तेच म्हणावं. बायबलातल्या अपोस्टलशी याचं काही नातं नाही बरं, तो शब्द ग्रीकमधून आला, "पाठवलेला माणूस" या अर्थाचा. हा वेगळा. जुन्या फ्रेंचात पोस्टिय म्हणजे मजकुराच्या बाजूला, समासात लिहिलेली टीप, अन् त्याच्या मागं लॅटिन "पोस्ट इल्ला", म्हणजे "त्या शब्दांच्या नंतर", असं सांगतात.

म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर मागून केलेली नोंद. अन् त्याले आपल्याकडं शब्द आहेच की, शेरा! सातबाऱ्यावर शेवटचा रकाना कशाचा असते? शेऱ्याचा. साहेब अर्जाच्या कोपऱ्यात लिहितात तो शेरा, मास्तर प्रगतिपुस्तकावर मारतात तो शेरा. मूळ कागद एकाचा, त्यावर बोलते दुसरा. माझ्या मते अपोस्टिलच्या सगळ्यात जवळ जाणारा मराठी शब्द हाच, पण आपल्याले संस्कृत जोडल्याशिवाय सरकारी वाटतच नाही काही.

आता साक्षांकित. साक्ष अधिक अंकित. साक्षी कोण, तर ज्यानं साक्षात म्हणजे सोताच्या डोळ्यानं पाह्यलं तो, पाणिनीनंही असंच सांगून ठेवलंय. जुन्या काळी आपण तहसीलच्या साहेबापाशी मार्कशीट अन् झेरॉक्स दोन्ही घेऊन जायचो, तो दोन्ही पाहायचा (नाहीतर पाह्यल्यासारखं करायचा) अन् "सत्यप्रत" असा ठप्पा मारायचा, तिथं हा शब्द नेमका बसते. कारण त्यानं अस्सल अन् नक्कल दोन्ही समोर पाह्यलेलं असते. स्वयंसाक्षांकनात आपणच आपले साक्षीदार, ते सोडा.

पण अपोस्टिल देणारा काय पाहते? दिल्लीतल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकाऱ्यानं ना बाळंतपण पाह्यलं, ना ग्रामसेवकाले सही करताना पाह्यलं. तुमच्या बहिणीची जन्मतारीख खरी का खोटी याची तो हमी घेतच नाही. तो एवढंच म्हणते की खाली ज्यानं सही केली ती सही त्याचीच आहे, तो त्या पदावर आहे, अन् शिक्काही त्याचाच. आपल्याकडं सोयरीक जुळवताना कसं असते, मी याले ओळखतो, याले तो मामा ओळखते, मामाले सारं गाव ओळखते, तशी ओळखीची साखळी. म्हणूनच ग्रामपंचायतीचा दाखला सरळ दिल्लीले जात नाही, आधी राज्य सरकारच्या पातळीवर त्याची ओळख पटवावी लागते अन् मग परराष्ट्र मंत्रालय आपलं स्टिकर चिकटवते. हेग शहरात 5 ऑक्टोबर 1961 ला ज्या देशांचा करार झाला त्यातून हे आलं, भारतात 14 जुलै 2005 पासून लागू आहे. स्टिकरवरच्या चौकोनात दहा नंबर टाकलेल्या ओळी असतात, अन् मथळा कोणत्याही देशात फ्रेंचमध्येच ठेवा असा नियम आहे. मग अर्जात मराठी शब्द कितीही शोधा, कागदावर फ्रेंचच येणार.

नोटरी या साखळीतली एखादी कडी असू शकते, पण नोटरी म्हणजे अपोस्टिल नाही. अन् कुवेत, कतारसारखे देश या करारात नाहीत, तिकडं जायचं असलं तर त्यांच्या दूतावासाचाही ठप्पा लागते, त्याले लोक अटेस्टेशन म्हणतात. तिथं मात्र "दूतावासाचं साक्षांकन" लिहिलं तर चालून जाते, रूढ झालंय ते.

"शिक्कामोर्तब" चालेल का असंही दादानं शेवटी विचारलंय. शब्द झकास आहे हो. शिवकाळातल्या पत्रात वर "प्रतिपच्चंद्रलेखेव" वाला शिक्का असायचा अन् मजकूर संपला तिथं "मर्यादेयं विराजते" ही छोटी मोर्तब, म्हणजे याच्या खाली कोणी एक अक्षर वाढवू नये. पण ते दोन्ही ठसे पत्र धाडणाऱ्याचेच. इथं पत्र ग्रामपंचायतीचं अन् ठसा दिल्लीचा, म्हणून मी हा शब्द इथं वापरणार नाही.

तर अर्जात सरळ लिहा, "सोबतच्या मूळ जन्म दाखल्यावर अपोस्टिल मिळण्याबाबत". नपुंसकलिंगी ठेवा, अपोस्टिल मिळालं, अपोस्टिल केलं. "प्रमाणित प्रत" लिहू नका, नाहीतर बाबू तुम्हाले रजिस्टरमधून दुसरी नक्कल काढून देईल अन् म्हणेल झालं तुमचं काम. दाखला मराठीत असला तर भाषांतराचं वेगळं विचारून घ्या, स्टिकरनं मजकूर काही इंग्रजी होत नाही. अन् दाखल्याले लॅमिनेशन करू नका बापा. आमच्या घरचा एक दाखला मी मोठ्या हौसेनं प्लॅस्टिकमध्ये घालून नेला होता, खिडकीतल्या बाईनं उलटासुलटा करून पाह्यला अन् म्हणे, "आता याच्यावर चिकटवू कुठं?"